चहाच्या जाहिरातीतला माझा नवरा

सोसायटीच्या ग्रुपवर एका सकाळी मेसेज आला. चहाच्या जाहिरातीसाठी साठीच्या आसपासची माणसं हवी आहेत, अनुभवाची गरज नाही, चेहरा प्रसन्न असावा. खाली अंधेरी पश्चिमेचा पत्ता होता. मी तो वाचून पुढे सरकले, कारण त्याच्याच खाली टाकी धुवायची म्हणून पाणी कधी बंद होणार ते लिहिलं होतं. ह्यांनी मात्र मेसेज वाचला, चष्मा पुसला आणि परत वाचला.

हे म्हणजे माझे यजमान. बँकेत होते तेव्हा आंतरबँक एकांकिका स्पर्धांमध्ये दरवर्षी काम करायचे. बहुतेक वेळा इन्स्पेक्टर, नाहीतर डॉक्टर. एकदा हृदयविकाराचा रुग्णही केला होता आणि त्याला उत्तेजनार्थ बक्षीस मिळालं होतं. ते प्रशस्तिपत्रक आमच्या मुलुंडच्या घरात फ्रेम करून लावलेलं आहे. निवृत्तीनंतर मात्र नाटक सुटलं. बरोबरीची मंडळी कुणी गुडघ्यांमुळे, कुणी मुलांकडे परदेशी गेल्यामुळे पांगली, आणि हे घरातच संवाद म्हणू लागले. मला नुसतं "मीठ कमी आहे" सांगायचं असलं तरी खुर्चीवरून उठून सांगायचे.

"जाऊन तर येऊ," हे म्हणाले. "जमलं तर जमलं."

"मी कशाला?"

"सोबतीला. शिवाय बॅग कोण धरणार?"

बॅगेत दोन शर्ट, कंगवा, पाण्याची बाटली आणि पावडरचा डबा होता. मुलुंड-गोरेगाव लिंक रोडच्या बसने गोरेगाव आणि पुढे रिक्षाने वर्सोव्याच्या अलीकडची ती गल्ली. तिथे जुन्या बैठ्या बंगल्यांच्या खोल्याखोल्यांतून ऑडिशन चालतात. कोळीवाड्याकडून वारा आला की वाळत घातलेल्या बोंबलांचा वास येत होता. आमच्या खोलीबाहेर पायऱ्यांवर एकजात आजोबा बसले होते. सगळ्यांचे कुर्ते कडक इस्त्रीचे, सगळ्यांचे चेहरे प्रसन्न. ह्यांनी एकेकाकडे बघितलं आणि मला हळूच म्हणाले, "कॉम्पिटिशन आहे."

आत एक मुलगी होती, केसांच्या टोकांना जांभळा रंग लावलेली, आणि एक कॅमेरावाला. मुलगी मराठीच निघाली. तिने थर्मासमधून काचेच्या छोट्या कपात काळा चहा ओतला.

"काका, सोप्पं आहे. हा एनर्जीवाला चहा आहे. मसाल्याचा. दूध नाही, साखर नाही. तुम्ही सकाळी उठलाय, एक घोट घेतलाय आणि एकदम फ्रेश वाटलंय. बस."

ह्यांनी कप दोन्ही हातांनी उचलला. घोट घेतला. डोळे मिटले. मग छातीवर हात ठेवला, श्वास आत ओढला, डोळे हळूहळू उघडले, आणि खरं सांगते, डाव्या डोळ्यातून पाणी आलं. हृदयविकाराचा रुग्ण शेवटच्या प्रवेशात शुद्धीवर येतो तो हा प्रसंग होता. मी तो रवींद्र नाट्यमंदिरात नाहीतर दुसऱ्या कुठल्यातरी नाट्यगृहात तिसऱ्या रांगेत बसून पाहिलेला होता.

"छान काका," मुलगी म्हणाली. "थोडं कमी करू या."

ह्यांनी छातीवरचा हात काढला. बाकी सगळं तसंच ठेवलं.

"अजून कमी."

ह्यांनी डोळ्यातलं पाणी काढलं.

"काका, तुम्ही ना, काहीच करू नका. फक्त चहा प्या."

"काहीच करायचं नाही तर मग आम्हाला बोलावलंत कशाला?" हे म्हणाले. रागाने नाही, खरोखरच शंका आली म्हणून विचारलं. मुलगी इकडेतिकडे बघत होती, तेवढ्यात तिला कोपऱ्यात बॅग धरून उभी असलेली मी दिसले.

"काकू, तुम्ही पिऊन बघता? असंच. कॅमेरा चालूच आहे."

दुपारच्या चहाची वेळ झालीच होती. मी बॅग खाली ठेवली आणि प्यायले.

पहिल्यांदा लवंग आली. तिच्यामागून मिरी आली आणि ती थेट घशात जाऊन बसली. मग दालचिनी, मग सुंठ, आणि कुठेतरी मागे संत्र्याच्या सालीसारखं काहीतरी कडवट, गोडसर. चहा नेमका कुठे आहे हे मी शोधत होते. तो सगळ्यात शेवटी सापडला, जिभेच्या मागच्या बाजूला, चांगला दणदणीत. कान गरम झाले. मी कपाकडे बघितलं.

"कसा वाटला?" मुलीने विचारलं.

"सर्दीला चांगला आहे," मी म्हटलं.

कॅमेरावाला हसला. मुलगी म्हणाली, अजून एक घोट घ्या. दुसरा घोट मी सावकाश घेतला. आता मिरी कुठे बसते ते माहीत होतं, त्यामुळे ती आधीइतकी लागली नाही आणि चहा नीट कळला. मला तो आवडायला लागला होता. तसं मी बोलले नाही, फक्त कप संपवला, कारण अर्धा चहा टाकून उठायची आमच्या घरात पद्धत नाही.

चार दिवसांनी मुलीचा फोन आला. "काकू, सिलेक्शन झालं."

मी ह्यांना हाक मारली. "अहो, तुमचं झालं."

"नाही नाही, काकू, तुमचं."

"आणि ह्यांचं?"

"काका खूप छान आहेत," ती म्हणाली. "पण जास्तच छान आहेत."

हे तोवर फोनपाशी येऊन उभे होते आणि स्पीकर चालू होता. मी लगेच म्हटलं की मला जमायचं नाही, मला गुडघेदुखी आहे, घरी माणसं येणार आहेत. ह्यांनी हाताने मला थांबवलं. वर्तमानपत्राची घडी घातली, ती नीट बसली नाही म्हणून उलगडून परत घातली. मग म्हणाले, "जा तू. चेहऱ्याला मागणी आहे तोवर जावं. मी येतो सोबतीला."

त्यानंतरचे दिवस मला तालमीत काढावे लागले. मी पोळ्या लाटत असले की हे ओट्यापाशी येऊन उभे राहायचे.

"घोट घेताना तुझ्या मनात काय आहे?"

"साखर नाहीये, हे आहे."

"तसं नाही. त्या बाईच्या मनात. ती कोण आहे? तिची काल रात्री झोप झाली का? मुलगा परदेशी आहे का?"

"अहो, ती चहा पिते आहे."

"हेच तर," हे म्हणायचे आणि बाहेरच्या खोलीत निघून जायचे. मला एकच वाक्य होतं. घोट घ्यायचा, कप खाली ठेवायचा आणि म्हणायचं, "आता कुठे सकाळ झाली." ते वाक्य ह्यांनी मला निरनिराळ्या पद्धतींनी म्हणून दाखवलं. त्यातली एक पद्धत इतकी गंभीर होती की खालच्या मजल्यावरच्या वहिनींनी दुसऱ्या दिवशी घरी सगळं ठीक आहे ना म्हणून विचारलं.

शूटिंग गोरेगाव पूर्वेच्या एका स्टुडिओत होतं. आत शिरलो तर मधोमध एक गॅलरी बांधलेली. कुंड्या, वेताच्या खुर्च्या, लाकडी टेबल, आणि पलीकडे हिरव्या कापडाची भिंत. त्या भिंतीवर नंतर डोंगर येणार होते. त्या गॅलरीत आमचा हॉल आरामात बसला असता. मला फिकट निळी साडी दिली, केसांत थोडे पांढरे वाढवले, आणि खुर्चीवर नेऊन बसवलं. शेजारच्या खुर्चीवर एक उंच, गोरे, रुपेरी केसांचे गृहस्थ आधीच बसले होते.

"नमस्कार," ते म्हणाले. "मी तुमचा नवरा."

ह्यांनी मागून ते ऐकलं. हातातली माझी पर्स त्यांनी खांद्याला अडकवली आणि कॅमेऱ्याच्या मागे एक खुर्ची ओढून बसले.

ते गृहस्थ घाटकोपरचे. निवृत्तीनंतर जाहिरातींत आजोबा करायचं हेच त्यांचं काम होतं. मी विचारलं, बरीच कामं केली असतील ना तुम्ही. ते म्हणाले, "हो. विम्याच्या जाहिरातींत तर दोनदा वारलोय. एकदा झोपेत, एकदा बागेत." त्यांनी मला टेबलाखालची निळी बादली दाखवली. "घोट घ्यायचा, दिग्दर्शक कट म्हणाला की इथे थुंकायचा. गिळायचा नाही. दिवसभर चालणार आहे."

मी बादलीकडे बघितलं. भोवती तीसेक माणसं होती, सगळी माझ्या मुलाच्या वयाची. त्यांच्यासमोर नव्या साडीत वाकून बादलीत थुंकणं मला शक्य नव्हतं. मी ठरवलं, गिळेन. चहाच तर आहे.

दिग्दर्शक हा दाढीवाला मुलगा होता, मराठी समजायचं पण बोलायचा हिंदी. कंपनीच्या मॅडमही आल्या होत्या. त्यांचा आग्रह होता की कपात खरा चहाच हवा, आणि तोही रीतसर, चमचाभर जास्तीच घालून उकळलेला, म्हणजे रंग दिसेल. वाफ मात्र खोटी होती. ती टेबलाखालून एका नळीतून यायची आणि माझ्या साडीच्या निऱ्यांत शिरायची.

पहिल्या टेकला वाफ आली नाही. दुसऱ्याला वाफ एवढी आली की मी दिसले नाही. तिसऱ्याला माझ्या नवऱ्याच्या, म्हणजे घाटकोपरच्या, चष्म्यात दिव्याची चमक आली. चौथ्याला मी "आता कुठे" म्हटलं आणि कप खाली ठेवताना बशीवर आपटला. प्रत्येक वेळी ताजा चहा. ते प्रत्येक वेळी व्यवस्थित बादलीत, मी प्रत्येक वेळी पोटात. पुढे मी मोजणं सोडलं.

सुरुवातीला फार छान वाटत होतं. गुडघा दुखत नव्हता. दिवे स्वच्छ दिसत होते. मग हळूहळू मला खूप गोष्टी सुचायला लागल्या. मी घाटकोपरच्या गृहस्थांना आमच्या बिल्डिंगच्या लिफ्टचं सगळं प्रकरण सांगितलं. मेकअप नीट करायला आलेल्या मुलीला मी भरल्या वांग्याची कृती सांगितली, तिने मागितलेली नसताना. साउंडवाल्या मुलाच्या कानात हेडफोन होते, माइक माझ्या पदराला लावलेला होता, त्यामुळे त्याला तर दुसरा इलाजच नव्हता. आणि माझं वाक्य दर टेकला आखूड होत चाललं होतं.

"आत्कुठेसकाळझाली."

"कट. आंटीजी, थोडा आराम से."

"आरामसेच बोलतेय बेटा, माझं तोंडच आज लवकर चालतंय."

"एनर्जी चाहिए, लेकिन शांत एनर्जी."

"शांत एनर्जी म्हणजे?" मी घाटकोपरना विचारलं.

"म्हणजे डोळे उघडे ठेवायचे आणि मनातलं काही बोलायचं नाही," ते म्हणाले. "घरी भांडण झाल्यावर आपण बसतो तसं."

इकडे कॅमेऱ्यामागे निराळंच चाललं होतं. माझ्यासाठी किटलीभर चहा व्हायचा, कपात थोडाच लागायचा, उरलेला ह्यांच्यासमोर यायचा. फुकट जाऊ नये म्हणून हे पीत होते. दुपारपर्यंत त्यांनी दिवेवाल्यांना स्पर्धेच्या वेळी प्रकाशयोजना कशी असायची ते सांगितलं होतं, आणि कंपनीच्या मॅडमना चहात वेलची वाढवायला हवी हे पटवून द्यायला सुरुवात केली होती. मॅडम दोन पावलं मागे सरकल्या की हे दोन पावलं पुढे. शेवटी जांभळ्या केसांची ती मुलगी येऊन त्यांना म्हणाली, "काका, प्लीज, टेक चालू आहे." हे गप्प बसले. पण त्यांचा उजवा पाय बसला नाही. तो एकसारखा हलत होता आणि त्याबरोबर माझ्या पर्सची साखळी वाजत होती. साउंडवाल्याने हात वर केला. "सर, कुछ बज रहा है."

एव्हाना दिग्दर्शकही खुर्चीत मागे रेलून बसला होता. अडचण आता वाक्याची नव्हती. ते मी कसंबसं जमवलं होतं. त्याला घोट घेतल्यानंतर माझं हसू हवं होतं, घाटकोपरकडे बघून. आणि मी त्यांच्याकडे बघून हसले की ते लग्नात मुलाकडच्या लांबच्या पाहुण्याकडे बघून हसावं तसं यायचं.

"आंटीजी, ये आपके पति हैं. चालीस साल हो गए."

"हो रे, पण मी ह्यांना आज सकाळीच भेटलेय."

तो उठला, कॅमेऱ्याभोवती एक फेरी मारली आणि ह्यांच्यासमोर येऊन थांबला. "अंकल, आप एक काम करेंगे? यहाँ खड़े रहेंगे? आंटी आपको देखेंगी. आप फ्रेम में नहीं आएँगे."

"काय करायचं मी?" ह्यांनी विचारलं.

"कुछ नहीं."

मला वाटलं, आता हे परत तोच प्रश्न विचारणार. पण ह्यांनी विचारला नाही. कॅमेऱ्याच्या डाव्या बाजूला खुणेची पट्टी चिकटवली होती तिथे जाऊन उभे राहिले. एका खांद्यावर माझी तपकिरी पर्स, बगलेत पाण्याची बाटली, शर्टाच्या खिशाला पावडरचा डाग. पाय हलू नये म्हणून दोन्ही पाय घट्ट जुळवलेले, एनसीसीत उभे करतात तसे. चेहऱ्यावर काहीही नव्हतं. माझं कसं होतंय याची काळजी तेवढी होती, आणि तीही लपवायची त्यांना आठवण राहिली नव्हती. इतकी वर्षं मी ह्यांचं काम बघायला प्रेक्षकांत बसले. ह्यांना माझ्यासमोर असं उभं राहिलेलं मी पहिल्यांदाच बघत होते.

मी घोट घेतला. कप ठेवला. "आता कुठे सकाळ झाली," म्हटलं, आणि हसू आपोआप आलं.

दिग्दर्शकाने मॉनिटरवर तो टेक एकदा परत पाहिला. मग म्हणाला, "ओके."

सगळ्यांनी टाळ्या वाजवल्या. घाटकोपरच्या गृहस्थांनी ह्यांचा हात हातात घेतला आणि म्हणाले, "साहेब, तुम्ही सकाळीच उभे राहिला असतात तर मी जेवायला घरी गेलो असतो."

परतताना रिक्षात आम्ही दोघंही एकाच वेळी बोलत होतो. रिक्षावाल्याने दोनदा वळून बघितलं. मध्येच हे थांबले आणि म्हणाले, "चांगलं केलंस हं. मला असं साधं जमलं नसतं."

"तुम्हाला जमलं की. शेवटी तुम्ही काहीच केलं नाहीत."

"ते वेगळं. तिथे तुझी काळजी होती," हे म्हणाले आणि बाहेर बघू लागले. थोड्या वेळाने म्हणाले, "पण तो माणूस तुला शोभत नाही. फार उंच आहे."

घरी पोहोचल्यावर ह्यांनी शिडी काढली आणि तिन्ही पंखे पुसले. मी माळ्यावरचे डबे उतरवून घासले. खालच्या वहिनी पुन्हा विचारायला आल्या.

दीड महिन्याने जाहिरात फोनवर फिरायला लागली. पाहायला गेलं तर मी निमिषभरच आहे. आधी डोंगर, मग दालचिनी हवेतून पडते, लवंगा पडतात, मग माझा हात, मग मी. आवाज माझा नाहीच. दुसऱ्याच कुणा बाईचा आहे, मधासारखा. हसू मात्र माझं आहे, तेवढं त्यांनी कापलं नाही. आणि जाहिरातीच्या हिशेबाने ते घाटकोपरकडे बघून आलेलं आहे.

तेच नडलं. कणकवलीजवळच्या गावाहून माझ्या मावशीचा फोन आला. तिच्या नातवाने तिला फोनवर दाखवलं होतं.

"तुझ्या बाजूक बसलेलो तो कोण?" ती म्हणाली. "आणि आमचे जावय खंय आसत? बरे आसत मां?"

मी समजावलं की ती जाहिरात आहे, तो खोटा नवरा आहे. मावशी म्हणाली, खोट्या नवऱ्याकडे बघून कोणी असं हसतं का, तिने तिच्या खऱ्याकडे बघूनसुद्धा कधी हसल्याचं तिला आठवत नाही. शेवटी ह्यांनी माझ्या हातातून फोन घेतला.

"मावशी, मी जिवंत आहे," हे म्हणाले. "आणि ती माझ्याकडे बघून हसली आहे. मी कॅमेऱ्याच्या बाजूला उभा होतो." मग त्यांनी सगळं पहिल्यापासून सांगितलं. पर्स, पट्टी, दिग्दर्शक, टाळ्या, सगळं. त्यानंतर ज्याचा फोन येईल त्याला हेच सांगायचे, आणि काही आठवड्यांत गोष्टीत थोडी भर पडून दिग्दर्शकाने त्यांचा सल्ला घेतला होता इथपर्यंत ती पोहोचली. मी मध्ये बोलले नाही.

कंपनीने चहाचे डबे पाठवले होते, एका खोक्यात भरून. आम्ही स्वतः तो अजून पितो, पण सकाळी एकच कप, आणि हे पेलाभर पाण्याला अर्धाच चमचा घालतात. बाकीचे वाटले. एक डबा मावशीने मागितला, म्हणून गावी जाणाऱ्या शेजाऱ्याबरोबर पाठवला. डब्यावर लिहिलं होतं, एका कपाला एक चमचा. मावशीला ते वाचता येत नाही. तिने अर्धा डबा टोपात ओतला, गूळ घालून उकळला आणि बागेतल्या झाडांभोवती आळी खणून त्यांत खत भरायला आलेल्या तीन गड्यांना सकाळीच पेलेच्या पेले पाजला.

दुपारच्या आत तिचा फोन.

"चाय बरी आसा गो," ती म्हणाली. "पण गड्यांचा काम संपला. दोन दिवसांचा काम होता. आता तेंका दुसरा खंयचा काढू?"

ह्यांनी तिला विहिरीतला गाळ काढून घ्यायला सांगितलं. तिने घेतला.